गोव्याचें जडावाचें कपाट व त्याचे खण

जुन्या लांकडी सामानाचे संग्राहक गोव्याकडील एखादें जडावाचें कपाट दाखवितात, तेव्हां बहुधा प्रथम त्याच्या दर्शनी भागाकडे बोट करितात. आबनूस व हस्तिदंत यांची एकमेकांत गुंतलेल्या वर्तुळांची नक्षी, सोन्याचा मुलामा दिलेले तांब्याचे जाळीदार पत्रे आणि पायांच्या जागीं कोरलेल्या नागकन्या पाहून कोणाचेंही भान हरपावें, हें खरें. परंतु कपाट कोठलें, कोणत्या काळचें व कशाकरितां केलेलें हें ठरविण्यास या नक्षीपेक्षां त्याचे खण अधिक उपयोगी पडतात, असें माझें मत झालें आहे. हे खण आतां झपाट्यानें नाहींसे होत आहेत. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम नांवाचा विचार करूं. पोर्तुगीज भाषेंत या कपाटास ‘कोंतादोर’ म्हणतात. ‘कोंतार’ म्हणजे मोजणें. त्यावरून मोजणारा तो कोंतादोर, आणि पुढें हिशेबाचे कागद ज्यांत ठेवावयाचे तें कपाटही कोंतादोर. याच जातीची, पण लहान व पुढील फळी खालीं पाडून तीवर लिहितां येईल अशी पेटी असे. तिचें ‘एश्क्रितोरियु’ हें नांव लिहिणें या अर्थाच्या धातूपासून आलें आहे. म्हणजे आज जें कपाट श्रीमंतांच्या भोजनगृहांत चिनी मातीच्या बशांशेजारीं शोभेसाठीं उभें असतें, त्याचा जन्म ताटवाट्यांसाठीं झालेला नसून कागदांसाठीं झालेला आहे.

आमच्याकडे कागद ठेवण्याची रीत निराळी होती. पुण्याच्या पेशवे दप्तरांतील कागद रुमालांत बांधलेले आहेत, हें या पत्राच्या वाचकांस सांगावयास नको. रुमाल सोडावा, बैठकीवर पसरावा, काम झालें कीं गांठ मारून ठेवावा. खण ओढून कागद काढणारा मनुष्य खुर्चीवर बसलेला किंवा उभा असावा लागतो. मराठी कारकुनास कोंतादोर नको होता, तो यामुळेंच. मात्र या सामानाबरोबरचे शब्द आम्हीं खुशाल उचलले: अलमारी, चावी, बिजागरी व मेस्त्री हे चारही पोर्तुगीजांकडून आले. अशा शब्दांचा मोठा संग्रह गोमंतकीय पंडित मोन्सेन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गादो यांनीं १९१३ सालीं प्रसिद्ध केला. त्याचें इंग्रजी भाषांतर १९३६ सालीं बडोद्यास निघालें. खुद्द ‘कपाट’ शब्द मात्र आपला. संस्कृतांत तो दाराच्या फळीचा वाचक असून ‘कवाड’ हें त्याचेंच अपत्य होय. मराठींत फळीचें नांव फळीमागील जागेस पडलें.

आतां उत्पत्तिस्थान. ‘गोव्याचें’ हें विशेषण आपण फार सैलपणें वापरतों. जडावकामाची कीर्ति गोव्याच्या आधीं गुजराथेची होती. १५०२ सालीं मालिंदीच्या राजानें वास्को द गामास खंबायतचा, सोनें व शिंपले यांनीं सजविलेला पलंग दिल्याचें गास्पार कोर्रेया नमूद करितो. १५८३ ते १५८८ पर्यंत गोव्यास राहिलेला लिन्शोतेन सिंधमधील अशा कामाची वाखाणणी करितो, आणि १६०८ ते १६१० पर्यंत गोव्यांत असलेला फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल खंबायतकडील कपाटांची तुलना जर्मनींतील कपाटांशीं करितो. हीं कपाटें गोव्याच्या बाजारांत येत व तेथून लिस्बनास जात. तेव्हां एखादी पेटी गोव्यास सांपडली, एवढ्यावरून ती गोव्यास झाली असें म्हणणें धाडसाचें आहे.

स्थूल भेद सांगतां येतो. गुजराथ-सिंधकडील कामांत काळसर लांकडावर हस्तिदंताचीं झाडें, हत्ती, हरणें व शिकारी बसविलेले दिसतात; पेटी लहान असून उचलण्यासाठीं बाजूंस कड्या असतात. गोव्याच्या म्हणून समजल्या जाणाऱ्या १७ व्या शतकांतील कोंतादोरांत सागाच्या अंगांत आबनुसाची कंपासानें आंखलेली भौमितिक नक्षी, हस्तिदंताचे ठिपके, आणि खालीं स्वतंत्र घोडी असते. घोडी असलेलें कपाट प्रवासाचें नव्हे, दिवाणखान्याचें. परंतु कारागीर गांव सोडून जातो व गिऱ्हाईक नमुना दाखवून काम करवून घेतें. म्हणून नक्षीवरचा भरंवसा बेताचाच ठेवावा.

पायांच्या आकृतींविषयींही वाद आहे. पाश्चात्य लेखक कांहींस मत्स्यकन्या म्हणतात, कांहींस नागिणी. ज्यांच्या कमरेखालीं वेटोळीं आहेत व माशाचें पर नाहीं, त्यांस मी नागिणीच म्हणेन. आमच्या देवळांच्या द्वारशाखांवर तशा पुष्कळ आहेत. १५६७ सालच्या गोव्यांतील पहिल्या प्रांतिक धर्मसभेनें पूजेच्या वस्तु हिंदु कारागिरांकडून करवूं नयेत असा निर्बंध घातला. कपाट ही पूजेची वस्तु नव्हे. सुतारानें नागीण कोरली व साहेबानें ती मत्स्यकन्या समजून घेतली असेल, तर दोघांचेंही समाधान झालें असणार.

कामाची रीत पाहतां खणांचें महत्त्व अधिकच पटतें. पटाशीनें लांकडांत खांच पाडावयाची, तींत आबनुसाचा तुकडा सरसानें बसवावयाचा, व जागोजागीं हस्तिदंताची बारीक खुंटी ठोकावयाची. ही खुंटी शोभेची आहे तशीच धरून ठेवणारीही आहे. कारण कोंकणच्या पावसांत लांकूड फुगतें व नुसता सरस सुटतो. सुरत व मुंबईकडील ‘सादेली’ काम याहून अगदीं वेगळें. त्यांत हस्तिदंत, आबनूस, चंदन, पतंग व कथील यांच्या बारीक काड्यांची जुडी बांधून ती आडवी कापतात व निघालेल्या पातळ चकत्या पेटीवर चिकटवितात. दोहोंस सरसकट ‘जडाव’ म्हटल्यानें विक्रेत्यांचें फावतें. शिवाय कोंतादोरांत फसवे खण असतात: बाहेरून दोन लहान खण दिसावे, आणि ओढलें असतां एकच लांब खण निघावा. म्हणून खण मोजतांना ते ओढून मोजावे.

दुरुस्तीविषयींही एक सूचना करितों. भारतांत हस्तिदंताचा व्यापार १९९१ पासून पूर्णपणें बंद असल्यामुळें पडलेल्या तुकड्यांच्या जागीं हाड किंवा कृत्रिम द्रव्य बसवितात. तें योग्यच आहे, मात्र नोंद ठेवावी. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींस छेदणाऱ्या बारीक वक्र रेषा दिसतात, तर हाडावर सूक्ष्म काळसर रंध्रें दिसतात. साधें भिंग पुरतें.

हें सर्व लिहिण्यास जो प्रसंग कारण झाला तो असा. कांहीं वर्षांपूर्वीं जुन्या सामानाच्या एका विक्रेत्याच्या वखारींत मीं एक कोंतादोर पाहिला. भोजनगृहांत कांचेचीं भांडीं मांडावयाचें कपाट एका गिऱ्हाइकास हवें होतें. म्हणून आंतील सर्व खण काढून तेथें कांचेच्या फळ्या बसविल्या होत्या, आणि खणांचे दर्शनी तुकडे कापून दारांवर चिकटविले होते. उरलेलीं लांकडें जळणांत टाकलीं होतीं. १९७२ च्या कायद्यानें शंभर वर्षांवरील कलावस्तु व पंचाहत्तर वर्षांवरील महत्त्वाचीं हस्तलिखितें पुरावस्तूंत मोडतात. पण खणाच्या तळाशीं चिकटविलेला कागद कशांत मोडतो, हें त्या विक्रेत्यास मीं विचारलें असतां तो नुसता हंसला. त्या ढिगांतून एक खण मला फुकट मिळाला.

त्याच्या तळाशीं मोडी लिपीचा कागद आहे. भाताचा हिशेब असून खंडी व कुडव हीं मापें स्पष्ट लागतात. सालाचा आंकडा मात्र कसरीनें खाल्ला आहे. यावरून कपाट मराठी मुलखांत झालें असें मी म्हणत नाहीं. गोव्यांतही गांवकीचे हिशेब मोडींत लिहिले जात, आणि खंडी-कुडव घाटाखालीं सर्वत्र चालत. परंतु खणाचे दोन कप्पे करणारी जी मधली पट्टी आहे, तिच्या खालून हा कागद सलग गेला आहे. म्हणजे पट्टी कागदानंतर बसली. मोडी लिहिणाऱ्या कोणीतरी हा खण आपल्या सोयीसाठीं दुभागून घेतला होता. एका कप्प्याच्या लांकडावर शाईचा डाग आहे, दुसऱ्याच्या नाहीं.