सुटाबुटाचं टेबल आणि केबिनमधला डबा

धारणीत उभं राहून आगबोटीवरच्या जेवणाबद्दल बोलायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, आपला आणि समुद्राचा संबंध काय? संबंध तसा आहे. आपली सिपना तापीला मिळते आणि तापी सुरतेपाशी समुद्राला. पण आजचं निमित्त त्याहून साधं आहे. हॉटेल मॅनेजमेंटच्या कोर्सची जाहिरात आता तालुक्याच्या गावीही दिसते, आणि तिच्यावर पांढऱ्याशुभ्र क्रूझचं चित्र हमखास असतं. उद्या इथलंच एखादं पोरगं त्या जहाजावर चढेल, वाढायला म्हणून किंवा पाहुणा म्हणून. तिथं त्याला एक शब्द ऐकू येईल, 'फॉर्मल नाइट'. आज आपण त्या शब्दाच्या मागचा इतिहास पाहणार आहोत.

आधी हा प्रकार काय ते सांगतो. लांबच्या क्रूझवर काही ठरावीक संध्याकाळी मोठ्या भोजनगृहात जायचं तर कपड्यांचा नियम असतो. पुरुषांनी काळा कोट, बो-टाय किंवा निदान गडद सूट घालायचा. बायकांनी ठेवणीतला पोशाख करायचा. ज्याला हे नको असेल त्याच्यासाठी त्याच जहाजावर दुसरी सोय असते. क्यूनार्ड कंपनीच्या 'क्वीन मेरी २'वर अशा संध्याकाळी साध्या कपड्यातला माणूस 'किंग्ज कोर्ट' या बुफेत जेवतो, नाहीतर 'गोल्डन लायन' नावाच्या पबमध्ये बसतो. केबिनमध्ये ताट मागवायचीही मुभा असते. कुणी काही म्हणत नाही.

आज ही गोष्ट आवडीनिवडीची वाटते. सव्वाशे वर्षांपूर्वी ती तशी नव्हती. आम्हाला आज एवढंच दाखवायचं आहे, की जहाजावर मानाचं टेबल जेव्हा जेव्हा मांडलं गेलं, तेव्हा तेव्हा त्याच्या आडोशाला जेवणाची दुसरी एक जागा तयार झाली. त्या दुसऱ्या जागी कोण आपल्या मर्जीनं बसलं आणि कोणाला बसावं लागलं, हा खरा इतिहास आहे.

1869 साली सुएझचा कालवा उघडला आणि मुंबई-विलायत प्रवास तीन-साडेतीन आठवड्यांवर आला. या वाटेवर पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींचा दबदबा होता. वरच्या वर्गाच्या भोजनगृहात रात्रीच्या जेवणाला पोशाख बदलूनच यायचं, हा रिवाज. त्यातही बारकावा असा, की बोट सुटल्याची पहिली रात्र आणि उतरण्याआधीची शेवटची रात्र सूट मिळे, कारण तेव्हा सामान बांधलेलं असायचं. मधल्या साऱ्या रात्री मात्र नियम पक्का. कुठल्या हातात सुरी धरायची, कुठला चमचा कशाचा, काय मागायचं आणि कसं मागायचं, हे सगळं येतंच असं गृहीत धरलेलं. पाटावर बसून उजव्या हातानं जेवणाऱ्या माणसाची तिथं काय अवस्था होत असेल?

ती अवस्था एका माणसानं प्रांजळपणे लिहून ठेवली आहे. 4 सप्टेंबर 1888 रोजी मुंबईहून 'क्लाइड' बोटीनं मोहनदास गांधी नावाचा अठरा वर्षांचा मुलगा बॅरिस्टर व्हायला निघाला. काटा-सुरी कशी धरायची ते त्याला येत नव्हतं. कुठल्या पदार्थात मांस नाही, हे विचारायचा धीर नव्हता. इंग्रजी बोलायचीही लाज वाटे. म्हणून तो भोजनगृहात गेलाच नाही. घरून आणलेली मिठाई आणि फळं केबिनमध्ये बसून खात राहिला. त्याच केबिनमध्ये जुनागढचे वकील त्र्यंबकराय मजमुदार होते. ते सगळ्यांत मोकळेपणानं मिसळत आणि याला बाहेर पडायला सांगत. तरी हा बाहेर पडेना. बोट सोडताना अंगावर काय घालावं हेही कळलं नाही. जपून ठेवलेला पांढरा फ्लॅनेलचा सूट घालून सप्टेंबरअखेर इंग्लंडात उतरला, आणि पाहतो तर पांढऱ्या कपड्यात तो एकटाच.

या मुलानं मोठेपणी केलेल्या कितीतरी गोष्टींवर ग्रंथ झाले. पण केबिनमधल्या त्या जेवणाकडे नीट पाहा. मांस खायचं नाही हे त्यानं आईला दिलेलं वचन होतं, ती त्याची मर्जी. भोजनगृहात जायचं नाही, ही मर्जी नव्हती, भीती होती. बाहेरून दोन्ही एकसारखंच दिसतं, एक माणूस आपल्या खोलीत बसून डबा खातोय. आतून त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता दोन मराठी बायकांकडे येऊ. 1883 हे साल लक्षात ठेवा. त्या वर्षी 7 एप्रिलला आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून 'सिटी ऑफ कलकत्ता' बोटीनं निघाल्या आणि 4 जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा. सोबत घरचं कुणी नाही, मिशनरी बायकांची संगत. निघण्याआधी फेब्रुवारीत त्यांनी सेरामपूरच्या कॉलेजात जाहीर व्याख्यान दिलं होतं. मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, माझ्या गरजा वाढवणार नाही, असा त्याचा आशय. म्हणजे ताटात काय असेल आणि अंगावर काय असेल, हे बोट सुटायच्या आत ठरलेलं होतं, आणि चारचौघांत सांगितलेलं होतं. त्याच वसंतात पंडिता रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला निघाल्या. तिकडे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण शाकाहार सोडला नाही. धर्म बदलला, ताट बदललं नाही. लोकांना याचं नवल वाटतं. आम्हाला वाटतं, यात नवल नाही. कुणाच्या तरी दडपणाखाली ताट बदलायचं नाही, हा त्यांचा बाणा दोन्ही बाजूंना सारखाच लागू होता.

आणि दडपण खरोखर दोन्ही बाजूंनी होतं. बोटीवर टेबलाचा दरारा, तर घरी पंगतीचा. परदेशगमन केलेल्याला प्रायश्चित्त घ्यावं लागे, आणि त्यातला मोठा मुद्दा 'तिकडे कुणाच्या हातचं खाल्लं' हाच असे. त्यासाठी बोटीत बसायचीही गरज नव्हती. 14 ऑक्टोबर 1890 ला पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही मंडळी व्याख्यानाला जमली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. चहा-बिस्किटं पुढं आली. कुणी घेतली, कुणी नुसता कपाला हात लावला. पुढे नावं छापून आली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. हे सगळं घडवून आणणारे कोण? गोपाळराव जोशी, म्हणजे आनंदीबाईंचेच यजमान! ज्यांची बायको एकटी समुद्र ओलांडून गेली, त्यांनी चहाच्या एका कपात अख्ख्या पुण्याची परीक्षा घेतली. आनंदीबाई तोवर हयात नव्हत्या, 1887 सालीच त्या गेल्या होत्या.

आपल्या वऱ्हाडातूनही माणसं या वाटेनं गेली. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे 1908 साली टिळकांच्या खटल्याचं अपील घेऊन लंडनला गेले आणि 1910 च्या ऑक्टोबरात परतले. पापळच्या शेतकरी घरातले पंजाबराव देशमुख 1920 साली शिकायला गेले. या प्रत्येकापुढे रोज संध्याकाळी तोच प्रश्न आला असणार, आज टेबलावर जायचं की नाही?

आतापर्यंत आम्ही मानाच्या टेबलाबद्दल जरा तक्रारीच्याच सुरात बोललो. पण हीच गोष्ट उलट्या बाजूनं पाहिली नाही तर इतिहास अर्धा राहील. 1913 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कला गेले. शाळेत ज्याला पाण्याच्या नळाला हात लावता येत नव्हता, अशा माणसासाठी भोजनगृहाचा अर्थ काय होतो? त्या दारावर कपडे पाहतात, तिकीट पाहतात, जात विचारत नाहीत. कपडे शिवून घेता येतात, काटा-चमचा शिकता येतो. जात कुठून बदलून आणणार? युरोप-अमेरिकेतल्या वास्तव्यानं आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असं बाबासाहेबांनी पुढे लिहिलं. बडोद्याला परतल्यावर राहायला जागा मिळेना, तेव्हा ती परत टोचली. म्हणून सुटाबुटाचं टेबल म्हणजे नुसती इंग्रजी मिजास, असं म्हणून चालत नाही. एकाला जे अवघडलेपण वाटलं, ते दुसऱ्याला मोकळा श्वास वाटू शकतं.

पण जहाजावर तिसरी एक पंगत होती, आणि तिच्यात आपली माणसं सगळ्यांत जास्त होती. ती म्हणजे खलाशांची. पी. अँड ओ.च्या बोटींवर वाढपी आणि खानसामे बहुतेक गोव्याचे. डेकवरच्या खलाशांत रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान पुष्कळ. त्यांच्यावर सारंग आणि तांडेल. या खलाशांचा स्वयंपाक वेगळा, त्यांचा स्वयंपाकी वेगळा. त्याला 'भंडारी' म्हणत. वर झुंबराखाली सात-आठ पदार्थांचं जेवण चाले, तेव्हा खाली भंडाऱ्याच्या हंड्यात भात, डाळ, कालवण शिजत असे. घालायचा पोशाख नाही, काटा-चमचा नाही, मांडी घालून हातानं जेवायचं. आज ज्याला 'कॅज्युअल डायनिंग' म्हणतात ते जहाजावर सगळ्यांत आधी इथं होतं. पण ते कुठल्या माहितीपत्रकात छापलं गेलं नाही, कारण तिथं जेवणारा पाहुणा नव्हता. गोव्याचे वाढपी मुंबईला उतरले की धोबीतलाव भागातल्या आपापल्या गावाच्या 'कूड'मध्ये मुक्काम करायचे. ट्रंक ठेवायला जागा, झोपायला चटई आणि पुढच्या बोटीची वाट. साहेबाला कुठला चमचा कशाचा हे बिनचूक ठाऊक असलेले हे लोक स्वतः त्या टेबलावर कधी बसत नसत.

मग दुसरी सोय पाहुण्यांसाठी केव्हा आली? ती प्रथम वरून आली. 1905 साली हॅम्बर्ग-अमेरिका कंपनीच्या 'अमेरिका' जहाजावर रिट्झच्या नावाचं वेगळं रेस्टॉरंट निघालं. तिथं ठरलेली वेळ नाही, ठरलेली खुर्ची नाही, हवं ते मागवा. मात्र पैसे वेगळे. 'टायटॅनिक'वरही 1912 साली असं रेस्टॉरंट होतं. 1936 च्या 'क्वीन मेरी'वर 'व्हरांडा ग्रिल' आलं. ही सुटका खरी, पण ज्याची थैली जड त्याची, आणि सूटबूट तिथंही सुटला नव्हता.

कपड्यांची सक्ती ढिली व्हायला पोहण्याचा हौद कारणी लागला. 1932 च्या 'रेक्स'सारख्या इटालियन बोटींनी उघड्या डेकवर हौद बांधले आणि व्हेनिसच्या किनाऱ्यावरून त्या जागेला 'लिडो' म्हणू लागले. ओल्या अंगाचा माणूस गालिचावरून भोजनगृहात जाऊ शकत नाही, तेव्हा खाणंच डेकवर आलं. पुढे विमानांनी लांबचा प्रवासी पळवला. बोटी सहलीच्या झाल्या, आणि सुट्टीवर आलेल्या माणसाला रोज बो-टाय बांधायचा कंटाळा यायला लागला. 2000 साली नॉर्वेजियन क्रूझ लाइननं ठरलेली वेळ आणि ठरलेलं टेबल काढून टाकून 'फ्रीस्टाइल क्रूझिंग' सुरू केलं. 2015 साली सेलिब्रिटी कंपनीनं फॉर्मल नाइट हा प्रकारच बंद केला. 2021 पासून मुंबईहून कॉर्डेलियाची क्रूझ सुटते, तिच्यावर जैन जेवणही मिळतं. गांधींना जो प्रश्न विचारायचा धीर झाला नव्हता, तो आता तिकिटाच्या अर्जातच विचारलेला असतो.

हे आपल्याला अगदी परकंही नाही. आपल्याकडच्या लग्नांत पंगत उठली आणि बुफे आला, तेव्हा म्हातारी माणसं कुरकुरली. 'ताट घेऊन उभ्यानं खायचं, हे का जेवण हाय?' त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पंगतीत आग्रह होता, पळसाच्या पत्रावळीवर पडणारं गरम वरण होतं. पण त्याच पंगतीत कुणाला कुठं बसवायचं, कुणाला शेवटी वाढायचं, हेही ठरलेलं असायचं. बुफेच्या रांगेत एकाच पळीनं सगळे वाढून घेतात. आग्रह गेला, पण त्याबरोबर पंक्तिभेदाची एक सोयही गेली.

शेवटी इथल्या पोरांसाठी दोन शब्द. आपल्यातल्या कुणाच्या घरी मक्याची भाकर असते, कुणाकडे कुटकीचा भात. उद्या कधी त्या भोजनगृहाच्या दारात उभं राहायची वेळ आली, तर काटा-सुरी शिकून घ्या. ते एका दुपारचं काम आहे, आणि गोव्याच्या माणसांनी ते शंभर वर्षं जगाला वाढून दाखवलं आहे. शिकून झाल्यावर वाटलं तर खुशाल बुफेत जा, किंवा केबिनमध्ये बसून घरची चटणी काढा. येत नाही म्हणून केबिनमध्ये बसू नका. येतं, पण आज मन नाही, म्हणून बसा. आणि कुठल्याही टेबलावर बसलात तरी वाढणाऱ्याला एकदा विचारा, तुम्ही कुठं जेवता?