खासबाग, पॅलेस थिएटर आणि आपली संध्याकाळ

मित्रहो, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

श्रावण संपत आला की फोनवर याद्या यायला लागतात. गणपतीत कुठल्या मंडळाचा काय देखावा, नवरात्रात कुठे काय, शाही दसऱ्याला दसरा चौकात किती वाजता पोचायचं, दिवाळीत किल्ल्यांची स्पर्धा, मग थंडी पडली की फुटबॉलचा हंगाम. परवा अशीच एक यादी वाचत बसलो होतो. शेजारचा पोरगा आला, सातवीत आहे. यादीत डोकावला आणि म्हणाला, "काका, खासबागेत काय असतंय?"

मी म्हटलं, "कुस्ती."

"ते म्हाईत हाय. पण आज काय असतंय? आत्ता?"

मला उत्तर देता आलं नाही. त्याच्या घरापासून खासबाग चालत दहा मिनिटांवर आहे. त्याला 'आत्ता' जायचं होतं, आणि माझ्याकडं फक्त कार्यक्रमांच्या तारखा होत्या. तेव्हापासून डोक्यात घोळतंय ते आज लिहून काढतो.

थोडं मागं जाऊ. १९०२ साली शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले. त्याच वर्षी २६ जुलैला संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांना पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. तो सगळ्यांना माहीत आहे, माहीत असायलाच पाहिजे. पण त्याच प्रवासात महाराजांनी रोमचं कलोसियम पाहिलं, आणि तिथून खासबागेच्या मैदानाची कल्पना आली, हे आपण फक्त गाइडसारखं पाहुण्यांना सांगतो. त्याचा अर्थ काय, हा विचार करत नाही.

कलोसियममध्ये त्यांनी काय पाहिलं असेल? दगड, कमानी हे तर झालंच. पण कुस्तीच्या शौकिनाला तिथं आधी एक गोष्ट दिसली असणार : मध्ये खेळ, आणि भोवती चढत जाणाऱ्या बैठका. म्हणजे मागच्या माणसाला पुढच्याचं डोकं आड येत नाही. गावाकडच्या जत्रेतलं मैदान आठवा. पुढं पाटील, सावकार बसलेले, मागं उभी गर्दी, आणि पोरं झाडावर चढलेली. कुस्ती सगळ्यांसाठी, पण दिसणार पुढच्या चार रांगांना. १९१२ साली तयार झालेल्या खासबागेत मध्ये तांबड्या मातीचा हौदा आहे आणि त्याच्याभोवती गोलाकार चढत जाणारा उतार. हजारो माणसं बसतात आणि अगदी शेवटच्या माणसालाही हौद्यातला डाव दिसतो. हलगी-घुमकं सुरू झालं की महाराजांनी बोलावलेला पाहुणा असो नाहीतर खेड्यातून चालत आलेला गडी असो, दोघांना सारखंच दिसणार.

मला वाटतं, नोकरीचा हुकूम आणि हा उतार एकाच डोक्यातून निघालेत. १९०२ ला नोकऱ्यांचा हुकूम, १९१२ ला कुस्तीचं मैदान, १९१५ ला नाट्यगृह, १९१७ ला सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम. ही रांग एकदा सलग वाचा. शिक्षण, नोकरी आणि करमणूक. माणसाला पोटाला लागतं तसं संध्याकाळी जायला ठिकाणही लागतं, आणि ते बांधून देणं हे राज्याचं काम आहे, असं त्या राजाला वाटत होतं.

आता १९१५ चं बघू. खासबागेला लागूनच पॅलेस थिएटर उभं राहिलं. त्या वर्षीच्या १४ ऑक्टोबरला त्याचं उद्घाटन झालं. पाठीला पाठ लावून दोन वास्तू. एकीकडं अंगाला माती फासलेला पैलवान, दुसरीकडं तोंडाला रंग लावलेला नट. त्या काळात या दोन जगांतली माणसं एकमेकांच्या ओट्यावर फारशी बसत नव्हती. कुस्ती बहुजनांची, रांगडी. संगीत नाटक म्हणजे पांढरपेशांचं, नाजूक. महाराजांनी दोघांना एकाच आवारात आणलं. मैदानाला जाणाऱ्याला वाटेत नाटकाचा बोर्ड दिसणार, आणि नाटकाला आलेल्याला पलीकडून हलगी ऐकू येणार.

याचा फायदा कुणाला झाला, ते एका माणसाच्या आयुष्यात बघा. केशवराव भोसले. जन्म ९ ऑगस्ट १८९०, कोल्हापूरचा. घरची गरिबी. शाळेत जायच्या वयात पोरगं स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत गेलं, गाणं शिकलं, आणि १९०८ साली, म्हणजे अवघ्या अठराव्या वर्षी, हुबळीत स्वतःची 'ललितकलादर्श' काढली. १९२१ च्या जुलैत टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत 'संयुक्त मानापमान' झालं. त्यात बालगंधर्व आणि केशवराव एकाच रंगमंचावर उभे राहिले. मराठी रंगभूमीच्या इतिहासात त्या प्रयोगाचं नाव आजही निघतं. त्यानंतर तीन महिन्यांत, ४ ऑक्टोबरला केशवराव गेले. वय ३१. पुढच्या मे महिन्यात महाराजही गेले. थिएटरला पुढं केशवरावांचं नाव मिळालं. राजाच्या 'पॅलेस'चं नाव जाऊन गरिबाघरच्या गायकाचं नाव लागलं, ही गोष्ट मला फार आवडते.

राजे गेले. १९४९ साली संस्थानही मुंबई राज्यात विलीन झालं. मग ही संध्याकाळ कुणी सांभाळली?

तालमींनी. बाहेरगावच्या मित्रांना हे समजावून सांगावं लागतं. कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हे. पहाटे जोर-बैठका, संध्याकाळी कट्टा, गणपतीत मंडप, मोहरममध्ये पंजे, आणि हंगामात फुटबॉलचा संघ, हे सगळं एकाच छपराखाली. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही नावं फुटबॉलच्या मैदानावर ऐकताना पाहुण्याला कळत नाही की ही तालमींची नावं आहेत. कुस्तीच्या तालमीनं फुटबॉलचा संघ काढावा, हे दुसरीकडं फारसं घडलेलं नाही. १९४० पासून कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्पर्धा भरवते आहे आणि पेठा पेठांची खुन्नस अजून तशीच आहे. खुन्नस कधी हातघाईवर जाते, हेही लपवायचं कारण नाही.

२०१८, १९ आणि २० अशी तीन वर्षं गणपती आणि मोहरम एकत्र आले. कोल्हापुरातल्या कितीतरी तालमींत एकाच मंडपात गणपतीही बसला आणि पंजाही. कुणी पत्रक काढलं नाही, कुणी एकात्मतेवर भाषण ठोकलं नाही. जागा एकच होती, पोरं तीच होती, वर्गणी तीच होती. मग वेगळं करणार कसं? जागा सगळ्यांची असली की माणसं वेगळी करायला जड जातं, हे मी तिथं बघितलं.

आणि वर्गणी म्हणजे फक्त मंडपाची नव्हे. खाशाबा जाधवांची गोष्ट घ्या. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, शिकायला राजाराम कॉलेजात. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला जायला कोल्हापूरच्या महाराजांनी मदत केली. १९५२ ला हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा पैशाची पंचाईत. लोकांनी जमेल तसे पैसे जमवले, आणि त्यांच्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या पदकामागं प्रायोजक नव्हता. एक कॉलेज होतं आणि पैलवानाला आपला मानणारी माणसं होती.

आता कुणी म्हणेल, जुनं ते सगळं सोनं. तसं अजिबात नाही. याच गावात साठमारी होती. हत्तीला चिडवायचं आणि पळायचं, हा खेळ बघायला गर्दी जमायची. तो बंद झाला, चांगलंच झालं. दुसरं म्हणजे, वर मी 'सगळ्यांना सारखं दिसणार' असं लिहिलं, त्या 'सगळ्यां'त बायका किती होत्या? माझी आई जन्मभर खासबागेपासून हाकेच्या अंतरावर राहिली. हलगी तिनं हजारदा ऐकली असेल. मैदान आतून कधी बघितलं नाही. तिला कुणी अडवलं नव्हतं, पण कुणी 'चल' असंही म्हटलं नव्हतं. आज याच जिल्ह्यातल्या पोरी कुस्तीत पदकं आणतात. तरी संध्याकाळी कट्ट्यावर, मैदानावर, चौकात मोजून बघा. पुरुष किती आणि बायका किती? महाराजांनी जातीची रांग मोडली. ही दुसरी रांग मोडायची आपल्यावर राहिली आहे.

आणि आता ती रात्र. ८ ऑगस्ट २०२४. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. खासबागेच्या बाजूनं आग लागल्याचं कळलं तेव्हा मी जेवत होतो. तसाच उठून गेलो. गल्लीच्या तोंडालाच उष्णता लागत होती. बंब येत होते, जात होते. छप्पर खाली आलं तेव्हा गर्दीतून जो आवाज निघाला तो मला अजून ऐकू येतो. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ उभे होते. मी विचारलं, "नाटकात काम करायचा काय?" म्हणाले, "न्हाई. पडदा वढायचो."

नंतर पुनर्बांधणी जाहीर झाली, निधी जाहीर झाला, बैठका झाल्या. तो सगळा हिशोब आज मांडत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. त्या रात्री रडणाऱ्यांत मीही होतो. घरी आल्यावर मी स्वतःला विचारलं, मागच्या पाच वर्षांत या थिएटरात मी कितीदा गेलो? तीनदा. खासबागेत? एकदा. जळालं तेव्हा 'आमचं' म्हणून छाती पिटली, पण उभं होतं तेव्हा मी तिथं नव्हतो.

म्हणून त्या यादीकडं परत येतो. आता कार्यक्रम कमी झालेत का? उलट वाढलेत. पण कार्यक्रम आणि जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कार्यक्रम येतो, फ्लेक्स लागतो, साउंड सिस्टीम छातीत धडधडते, पाहुण्यांचे सत्कार होतात आणि रात्री बाराला खुर्च्या गोळा केल्या की संपतं. जागा वर्षभर असते. तिथं पोरगं मंगळवारी दुपारी विनाकारण जाऊ शकतं. खासबाग, थिएटर, तालीम, १८५० साली सुरू झालेलं करवीर नगर वाचन मंदिर, रंकाळ्याचा काठ, या सगळ्या जागा आहेत. जुन्या माणसांनी आपल्याला कार्यक्रम दिले नाहीत, जागा दिल्या. आपण मात्र पुढच्या पिढीला नुसत्या तारखा देतोय.

मग करायचं काय? मोठ्या गोष्टी नाहीत. तीनच सांगतो.

एक. येत्या गणपतीत प्रत्येक मंडळानं वर्गणीतला थोडा वाटा वर्षभराच्या कामाला बाजूला काढावा. तालमीची माती बदला, पोरांना फुटबॉल घ्या, कट्ट्यावर दिवा लावा. एका रात्रीच्या साउंडच्या भाड्यातला तुकडासुद्धा पुरेल.

दोन. ज्यांच्या ताब्यात मैदानं आणि सभागृहं आहेत, त्यांच्याकडं एक मागणी आपण सगळ्यांनी मिळून करू. आठवड्यातले ठरावीक तास जागा सगळ्यांना मोफत खुली ठेवा आणि त्यातले काही फक्त मुली-बायकांसाठी ठेवा. वेळापत्रक दारावर लावा. प्रदर्शनं आणि पार्किंग यांच्यातून उरलेला वेळ नको, ठरवलेला वेळ पाहिजे.

तीन. हे फक्त आपल्या हातात आहे. जा. मैदान असेल तर तिकीट काढून जा. गल्लीतल्या एकाला बरोबर घेऊन जा, आणि घरातल्या बाईला 'चल' म्हणा.

मी त्या पोराला शब्द दिलाय. येत्या रविवारी सकाळी त्याला घेऊन खासबागेला जाणार आहे. मैदान नसलं तरी. उतारावर सगळ्यात वरच्या टोकाला बसवून दाखवणार, इथनंसुद्धा हौदा कसा दिसतो ते. त्याच्या बहिणीनं विचारलं, "मी बी येऊ?" ती तिसरीत आहे. येणार आहे.

तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर नऊ वाजता गेटवर भेटा. आणि तुमच्या पेठेत अशी वर्षभर उघडी असलेली जागा कुठली उरलीय, कुठली गेली, ते खाली लिहा. नावासकट, ठिकाणासकट लिहा. मागणी घेऊन जाताना ती यादी बरोबर लागेल.