खळीचे माप

अल्लीपूरकरांना कापूस नवा नाही, हिंगणघाटच्या गिरण्याही नव्या नाहीत. पण ताण्याच्या सुताला लावायच्या खळीचा इतिहास कोणी सांगत नाही. पिठाचे पाणी तापले की कण फुगून ते दाटते, निवले की थिजते. पातळ खळीने सुताला बळ येत नाही. फार घट्ट खळ आत मुरत नाही. दोन्ही प्रकारे मागावर सूत तुटते, आणि कापडाच्या मापावर पगार घेणाऱ्या विणकराची मजुरी बुडते.

पूर्वी खळीची पारख बोटांनी होई. १८८९ साली ओडेसाच्या श्वेदोव्ह यांनी एकात एक बसविलेल्या दोन नळकांड्यांत जिलेटिनच्या द्रावाचा ताठरपणा मोजून दाखविला. गिरण्यांतून पुढे बुडाला भोक असलेला पेला आला. खळ गळायला किती सेकंद लागतात, ते घड्याळावर पाहू लागले. दोष सुताचा, खळीचा की विणकराचा, हे मापाने ठरविता येते. म्हणून आम्ही म्हणतो, मापाची वही कामगारालाही पाहता आली पाहिजे.