डिझेल गाडीची पीयूसी : मुदत किती, तपासतात काय आणि नापास झाली तर?

पिकअप असो, टेम्पो असो की जुनी जीप, डिझेल गाडी रस्त्यावर आणायची तर पीयूसी लागते. नव्या गाडीला पहिल्या नोंदणीपासून एक वर्ष सूट आहे. घोळ होतो तो त्यानंतरच्या मुदतीचा. बीएस-४ आणि त्यापुढच्या गाडीचं प्रमाणपत्र वर्षभर चालतं, त्याआधीच्या गाडीचं फक्त सहा महिने. शेजारच्याच्या नव्या पिकअपला वर्षाची पीयूसी मिळाली म्हणून आपल्या जुन्या जीपलाही तेवढीच, असं धरून चालू नका. बीएस-४ देशभर लागू झालं १ एप्रिल २०१७ पासून, काही मोठ्या शहरांत त्याआधी. कागदावरची शेवटची तारीख बघून ठेवलेली बरी.

पेट्रोल गाडीच्या धुरातले वायू मोजतात, डिझेलमध्ये धुराचा काळेपणा. गाडी न्यूट्रलला ठेवून सायलेन्सरमध्ये नळी घालतात आणि एक्सलेटर झटकन पूर्ण दाबून सोडतात, असं चार-सहा वेळा. धुरानं प्रकाश किती अडवला त्याचा आकडा मशीन देतं. बीएस-४ च्या आधीच्या गाडीला मर्यादा २.४५, बीएस-४ ला १.६२. थंड इंजिन जास्त धूर टाकतं, म्हणून गाडी चांगली गरम झाल्यावरच तपासणीला लावा. ऑइलची पातळीही आधी बघा, कारण या तपासणीत इंजिन जोरात फिरतं.

नापास झाली तर पहिल्यांदा एअर फिल्टर काढून बघा. आपल्याकडच्या फुफाट्यात तो लवकर चोंदतो आणि इंजिनला हवा पुरत नाही. फरक पडला नाही तर नोझल आणि पंप दाखवा. काळा धूर म्हणजे अर्धवट जळालेलं डिझेल, तेही तुमच्याच पैशाचं. धूर निळसर असेल तर ऑइल जळतंय, ते काम मोठं.

गाडी न नेता नुसत्या फोटोवर पीयूसी काढून देतो म्हणणारे भेटतात. पैसे वाचत नाहीत, बिघाड मात्र झाकला जातो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार प्रदूषणाच्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय लायसन्स तीन महिने अपात्र. पीयूसी नसली की अपघाताचा क्लेम बुडतो, अशी चर्चा गावोगाव असते. पण तेवढ्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, असं विमा नियामकानं २०२० मध्येच स्पष्ट केलंय.

खिशात पीयूसी आहे आणि गाडी तरी धूर ओकतेय, तर फौजदार किंवा आरटीओचे मोटार वाहन निरीक्षक पुन्हा तपासणीला पाठवू शकतात. त्याला सात दिवसांची मुदत असते.