कुंचल्याचं वळण

आमच्या जिल्ह्यानं पाट्या बदलण्याच्या दोन मोठ्या खेपा पाहिल्या. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, कारभाराची भाषा उर्दू होती. पुढं कारभारात मराठी आली आणि पाट्यांवरही आली. दुसरी खेप २०२३ ची. उस्मानाबादचं धाराशिव झालं आणि कचेऱ्यांपासून दुकानांपर्यंत नावं नव्यानं लिहिली गेली.

या दोन खेपांत फरक आहे. पहिल्या वेळी पाटी लिहायची म्हणजे पेंटरच हवा. खडूची पूड लावलेली दोरी भिंतीवर ताणून सोडायची, की सरळ रेघ उमटे. तीच शिरोरेषेची जागा. सपाट ब्रश तिरका धरला, की एकाच फटकाऱ्यात जाड आणि बारीक रेघ मिळे. आता बहुतेक पाट्या संगणकावर जुळतात आणि फ्लेक्सवर छापल्या जातात.

मग ते ब्रशाचं वळण छापील टंकात आणता येत नाही का? इंग्रजीत ते फार आधी आलं. अमेरिकन टाइप फाउंडर्ससाठी रॉबर्ट स्मिथ यांनी १९४२ मध्ये ‘ब्रश स्क्रिप्ट’ हा टंक केला. एका अक्षराचं शेपूट पुढच्या अक्षराला भिडेल, असे शिशाचे खिळे त्यासाठी घडवले गेले. देवनागरीचं काम अवघड. वर वेलांटी, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं. शेकडो आकार लागतात. म्हणून मथळ्याचं देखणं मराठी अक्षर बराच काळ हातानंच काढलं गेलं. कमल शेडगे यांनी (१९३५–२०२०) वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली शीर्षकं आठवा. नाटकाचा स्वभाव त्या अक्षरांवरूनच कळे.

संगणकानं ही अडचण बरीच दूर केली. कॅथरीन ली श्मिट यांचा ‘यात्रा वन’ हा देवनागरी टंक मुंबईच्या लोकल रेल्वेवरच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून सुचला. तिरक्या ब्रशाचे फटकारे त्यात स्पष्ट दिसतात, आणि तो कुणालाही विनामूल्य वापरता येतो.

तरी टंकातला ‘र’ दर वेळी तोच उमटतो; फार तर करणारा त्याची दोन-तीन रूपं देऊन ठेवतो. आमचा पेंटर मात्र जागा पाहून ‘र’ आखडता घेई किंवा ऐसपैस सोडी. टंकात वळण टिकतं, पण कुणाचं वळण टिकायचं हे नमुना कोणता जपला यावर ठरतं. मुंबईच्या पाट्यांना टंक मिळाला. तुळजापूरच्या, परंड्याच्या, भूमच्या पाट्यांचं काय?

म्हणून एवढंच सांगणं आहे. जुनी पाटी पुसण्याआधी तिचा नीट, समोरून एक फोटो काढा. खाली कोपऱ्यात पेंटरनं आपलं नाव लिहिलं असेल, तर तेही फोटोत येऊ द्या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)