ओझं आणि वजन : स्त्रिया बार्बेलपर्यंत कशा पोहोचल्या

मागच्या महिन्यात व्याख्यान संपल्यावर जिन्यात एका बाईंनी आम्हाला थांबवलं. वय 62. म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही या वयात जिममध्ये जाऊन वजनं उचलता म्हणे. खरं का? आणि मला झेपेल का हो?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असं तिथंच देऊन टाकलं. दुसऱ्याचं उत्तर जिन्यात उभ्या उभ्या देता येण्याजोगं नव्हतं, म्हणून आजचा विषय.

आधी आम्ही म्हणजे कोण, ते सांगतो. आम्ही पाच जणी, सगळ्या सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे, रोज सकाळी एकत्र फिरायला जाणाऱ्या. दोघी शाळेत शिक्षिका होत्या, एक बँकेतून निवृत्त झाली, एकीने आयुष्यभर घर सांभाळलं, आणि पाचवीने तत्त्वज्ञान शिकवलं. ती आत्ता तुमच्यासमोर बोलते आहे. तीन वर्षांपूर्वी आमच्यातली एक न्हाणीघरात घसरली. हाड मोडलं नाही, शुद्ध हरपली नाही, काहीच झालं नाही. फक्त तिला फरशीवरून उठता येईना. शेजारणीला हाक ऐकू जाईपर्यंत पाऊण तास ती तशीच बसून होती. नंतर तिने आम्हाला सांगितलं, "पडण्याचं काही वाटलं नाही गं. आपल्याला आपलंच अंग उचलता येत नाही, याची लाज वाटली."

त्या दिवशी आम्ही एकमेकींना विचारलं, तर पाचही जणींना केव्हा ना केव्हा एकच सल्ला मिळालेला होता : जड काही उचलू नका. कुणाला बाळंतपणानंतर, कुणाला कंबर दुखली तेव्हा, कुणाला नुसतं वय झालं म्हणून. सल्ला देणारे सगळे आपुलकीचे. आणि गंमत बघा, तो मिळाल्यावरही भरलेल्या बादल्या, गव्हाचे डबे, नातवंडं, गाद्या हे सगळं आम्हीच उचलत होतो. त्याला कुणाची हरकत नव्हती. मग 'जड' म्हणजे नेमकं काय? हा प्रश्न डोक्यात घेऊन आम्ही थोडा इतिहास वाचला.

सुरुवात प्लेटोपासून करतो. आमच्या विषयाची खोड आहे ती, जात नाही. 'रिपब्लिक'च्या पाचव्या पुस्तकात सॉक्रेटिस म्हणतो की आदर्श नगरीत राखणदार स्त्रियांनाही पुरुषांसारखंच व्यायामाचं शिक्षण द्यावं. आणि लगेच पुढे म्हणतो, लोक हसतील. आखाड्यात पुरुषांबरोबर उघड्या अंगाने व्यायाम करणाऱ्या बायका, त्यातही वय झालेल्या, सुरकुतलेल्या, बघून हसतील. त्यावर त्याचं उत्तर असं की पुरुषांनी उघड्याने व्यायाम सुरू केला तेव्हा त्यांनाही लोक हसलेच होते. सवय झाली, हसू थांबलं. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या ग्रंथात म्हाताऱ्या बाईच्या व्यायामाची दखल आहे, हे आम्हाला शिकवताना कधी जाणवलं नव्हतं. सत्तरी गाठल्यावर तीच ओळ निराळी दिसली. अर्थात प्लेटोला फार डोक्यावर घ्यायला नको. स्त्रिया सगळ्याच कामांत पुरुषांहून दुबळ्या, हेही तो त्याच ठिकाणी सांगून मोकळा होतो.

आता एकदम एकोणिसाव्या शतकात येऊ, कारण 'जड उचलू नका'चं वैद्यकीय रूप तिथं पक्कं झालं. 1873 मध्ये बॉस्टनच्या एडवर्ड क्लार्क नावाच्या डॉक्टरांनी मुलींच्या शिक्षणावर एक पुस्तक लिहिलं. ते हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवलेले. त्यांचं म्हणणं असं की शरीरातली शक्ती मोजकी असते. मुलीने ती अभ्यासात खर्च केली तर गर्भाशयाला कमी पडते. वजन उचलण्याविरुद्ध पुढे जे सांगितलं गेलं, त्याचा सांगाडा हाच होता : बाईकडे शक्तीची एकच लहानशी पुरचुंडी आहे, ती मुलांसाठी राखून ठेवा. पुस्तक वाचण्याला आणि वजन उचलण्याला विरोध एकाच मुशीतला निघाला, याचं आम्हा मास्तरणींना हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

पण या काळात बलवान बाई कुणाला दिसतच नव्हती असं नाही. ती सर्कशीत होती. काटी सँडविना ही 1884 मध्ये जन्मलेली, सर्कशीच्याच घरातली. अमेरिकेत बार्नम अँड बेलीच्या सर्कशीत ती आपल्या नवऱ्याला एका हाताने डोक्यावर उचलायची, बंदुकीसारखा फिरवायची. लोक तिकीट काढून येत, थक्क होत आणि घरी जाऊन बायकोला सांगत, जड उचलू नकोस. तंबूतली बाई म्हणजे अपवाद, निसर्गाचा चमत्कार. तिच्यावरून आपल्या घरातल्या बाईविषयी काही सिद्ध होत नाही. सँडविनाला स्वतःला मात्र तसं वाटत नसावं. 1912 मध्ये सर्कशीतल्या बायकांनी मताधिकारासाठी गट काढला, त्याची ती उपाध्यक्ष होती.

आपल्याकडे याच्या जवळची गोष्ट हमीदा बानूची. ती कुस्तीची, वजनाची नव्हे, पण लोकांच्या वागण्याचा नमुना तोच. 1954 मध्ये बडोद्यात तिने बाबा पहिलवानाला 1 मिनिट 34 सेकंदांत चीत केलं. मुंबईत तिच्या कुस्त्यांना गर्दी व्हायची. पण पुण्यात पुरुष मल्लाशी ठरलेली तिची कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रद्द करावी लागली आणि कोल्हापुराकडे एका पुरुषाला हरवल्यावर प्रेक्षकांनी हुर्यो उडवून दगड मारले. कुस्तीची पंढरी ती! तमाशा म्हणून बाईचं बळ चालत होतं. ते खरं ठरलं की दगड.

साध्या बाईच्या हातात वजन कसं आलं, हे मात्र आम्हाला अ‍ॅबी स्टॉकटन यांच्या गोष्टीत सापडलं. कॅलिफोर्नियात सँटा मोनिकाला राहणाऱ्या, जन्म 1917 चा. शाळा संपल्यावर टेलिफोन ऑपरेटर झाल्या. दिवसभर बसून काम, अंग सुटायला लागलं. पुढे ज्यांच्याशी लग्न केलं त्या लेस स्टॉकटन यांनी डंबेल्स आणून दिले. एवढीच सुरुवात. यात सर्कस नाही, घराणं नाही, चमत्कार नाही. 1944 पासून त्या व्यायामाच्या एका मासिकात बायकांसाठी सदर लिहायला लागल्या आणि सुमारे दहा वर्षं लिहीत राहिल्या. लॉस एंजेलिसमध्ये 1947 साली स्त्रियांची अधिकृत मान्यता असलेली पहिली वेटलिफ्टिंग स्पर्धा झाली, तिच्यामागे त्याच होत्या. आम्हाला त्यांचं सदर लिहिणं फार मोलाचं वाटतं. सँडविनाने 'बघा' म्हटलं. स्टॉकटननी 'हे असं करा' म्हणून सांगितलं.

पुढचं झरझर सांगतो. 1980 मध्ये स्त्रियांची पहिली जागतिक पॉवरलिफ्टिंग स्पर्धा. 1987 मध्ये फ्लोरिडात डेटोना बीचला पहिली जागतिक वेटलिफ्टिंग स्पर्धा. ऑलिंपिकमध्ये 2000, सिडनी. पुरुषांचं वेटलिफ्टिंग 1896 च्या पहिल्याच आधुनिक ऑलिंपिकमध्ये होतं. मध्ये गेली 104 वर्षं.

सिडनीला 19 सप्टेंबर 2000 या दिवशी श्रीकाकुलमच्या कर्णम मल्लेश्वरीने 69 किलो गटात स्नॅचमध्ये 110 आणि क्लीन अँड जर्कमध्ये 130, असे 240 किलो उचलून कांस्यपदक मिळवलं. ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. शेवटच्या प्रयत्नात तिने 137.5 किलो मागितले होते, ते पेलले नाहीत. त्याहून कमी मागितले असते तर रंग बदलला असता का, याची चर्चा आजही होते. आम्हाला त्यात दुसरंच दिसतं. 'झेपेल का' हे तिथं कुणी दुसऱ्याने ठरवलं नाही. आकडा तिच्या बाजूने सांगितला गेला, प्रयत्न झाला, फसला, बार खाली पडला.

बार खाली पडला, यावर जरा थांबू या.

आपल्या भाषेत ओझं आणि वजन हे दोन शब्द आहेत. पंधरा लिटरचा भरलेला हंडा म्हणजे पाण्याचेच पंधरा किलो. स्पर्धेत स्त्रियांचा रिकामा बारही बरोबर पंधरा किलोचाच असतो. तराजूला दोन्ही सारखे. पण हंडा टाकता येत नाही. ताप असला तरी तो तेवढाच भरावा लागतो. आज पंधरा, पुढच्या महिन्यात सोळा, मग आठवडाभर विसावा, असा त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही. तो कधी संपतही नाही. वजन मोजून घेता येतं, कमी करता येतं, दोन फेऱ्यांमध्ये बसता येतं आणि पंचांचा इशारा झाला की खाली सोडता येतं. बाईला ओझ्याची मनाई कधीच नव्हती. मनाई होती ती वजनाची.

म्हणूनच मीराबाई चानूची लाकडाच्या मोळीची गोष्ट वर्तमानपत्रांत वाचताना आम्ही थोड्या अस्वस्थ होतो. लहानपणी भावाला न उचलणारी मोळी तिने उचलली, हे खरंच असेल. पण डोंगरात मोळ्या वाहणाऱ्या मुली हजारो असतात. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मीराबाईचे क्लीन अँड जर्कचे तिन्ही प्रयत्न फसले, निकालात तिच्या नावापुढे एकूण आकडाच लागला नाही. पाच वर्षांनी टोकियोत तिने 87 आणि 115, असे 202 किलो उचलून रौप्यपदक घेतलं. मधली वर्षं मोळीने भरून निघाली नाहीत; प्रशिक्षक, आहार, विश्रांती, दुरुस्त केलेलं तंत्र यांनी निघाली. नोंगपोक काकचिंगहून इंफाळच्या क्रीडा संकुलापर्यंत तिला रोज फुकट नेणाऱ्या वाळूच्या ट्रकवाल्यांचा तिने पदकानंतर सत्कार केला, ही गोष्ट आम्हाला मोळीपेक्षा जास्त सांगते. आपल्या वडगाव मावळच्या हर्षदा गरुडने 2022 मध्ये ग्रीसमध्ये जागतिक कनिष्ठ स्पर्धेत 45 किलो गटात 153 किलो उचलून सुवर्ण मिळवलं, त्यामागेही गावातली एक साधी तालीमच होती.

आता आमच्या स्वतःच्या तालमीकडे. प्रशिक्षक मुलगी पंचविशीची, आम्हाला काकू म्हणते. पहिला महिनाभर तिने बारला हातच लावू दिला नाही. खुर्चीवर बसा, उठा. मग हातात झाडूची काठी घेऊन कमरेतून वाका, पाठ सरळ. एके दिवशी काठीच्या जागी बार आला, तेव्हा आम्ही सगळ्या हातांनी आणि पाठीने ओढायला लागलो. ती म्हणाली, "काकू, बार ओढू नका. पायांनी जमीन खाली ढकला." ढकलली, आणि बार वर आला.

आयरिस मॅरियन यंग यांचा 1980 मधला मुलींच्या चेंडू फेकण्यावरचा निबंध आम्ही एम. ए.च्या वर्गाला कितीतरी वर्षं शिकवला. मुलगी चेंडू फेकते तेव्हा सगळं अंग वापरत नाही, फक्त हात वापरते. 'मला जमतं' असं शरीर म्हणायला लागतं तोच त्याच श्वासात 'नाही जमणार' म्हणून स्वतःला आवरतं, असं त्यांचं विश्लेषण. मर्लो-पाँटी वाचल्याशिवाय ते कळत नाही असं आम्ही वर्गात सांगायचो. मुलांनो, चुकलो. 'जमीन खाली ढकला' एवढ्याने कळतं.

एक गोष्ट लपवत नाही. आमच्या इमारतीत धुणीभांडी करणाऱ्या बाईंनी एकदा दारातून बघितलं आणि त्यांना हसू आवरेना. "पैसे देऊन उचलता? आमच्याकडे या की, फुकट उचलायला लावते!" आम्हीही हसलो, पण घरी येऊन शांत झालो. ओझं आणि वजन हा एवढा छान केलेला फरक फी भरू शकणाऱ्यांना जास्त लागू पडतो. पुढच्या आठवड्यात त्यांनी दारातूनच विचारलं की बादली उचलताना कंबरेत चमक येते ती कशाने. मुलीने त्यांना काठी दिली, वाकायला शिकवलं. बादली आता कमी दुखते म्हणाल्या. त्यांची बादली हलकी मात्र झालेली नाही, आणि त्यावर आमच्याकडे उत्तर नाही.

जिन्यातल्या बाईंसाठी दोन पुरावे. 1990 मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त रहिवाशांना मारिया फियातारोने आणि सहकाऱ्यांनी आठ आठवडे पायांसाठी वजनाचा व्यायाम दिला. त्यांची ताकद सरासरी दुपटीहून जास्त वाढली. आणि 2018 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या 101 स्त्रिया घेतल्या. त्यांतल्या एका गटाने आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, जाणकारांच्या नजरेखाली चांगलं जड वजन उचललं. त्यांच्या कण्याच्या हाडांची घनता वाढली; घरी हलका व्यायाम करणाऱ्या दुसऱ्या गटाची घटली. हलका व्यायाम! म्हणजे आम्हाला सांगितला गेला होता तोच.

तेव्हा बाई, तुम्ही इथं असाल तर ऐका. आधी रक्तदाब आणि हाडांची तपासणी करून घ्या, शिकवणारं माणूस शोधा, यूट्यूब बघून बार उचलू नका. आणि आज घरी गेल्यावर भिंतीला टेकवलेल्या, न हलणाऱ्या खुर्चीवर बसा. हात छातीशी धरून, कशालाही न टेकता उठा, परत बसा. तीस सेकंदांत किती वेळा होतं ते मोजा आणि तारीख घालून वहीत लिहून ठेवा. आमच्यातली ती न्हाणीघरात पडलेली, तिच्या वहीत पहिल्या दिवशी 4 लिहिलंय. मागच्या मंगळवारी 13.

प्रश्न असतील तर विचारा. चहा व्हायला अजून दहा मिनिटं आहेत.