इम्हॉफ शंकू : सांडपाण्यातील साक्याच्या मापनाचा इतिहास

विज्ञानाच्या इतिहासलेखनात दुर्बीण व सूक्ष्मदर्शक यांना मिळालेले स्थान प्रयोगशाळेतील साध्या काचपात्रांना क्वचितच मिळाले आहे. एक लिटर सांडपाणी मावणारा, खाली निमुळता होत गेलेला व टोकाजवळ मिलिलिटरच्या खुणा असलेला इम्हॉफ शंकू हे असेच एक उपेक्षित उपकरण होय. तो कोणत्या परिस्थितीत उपयोगी ठरला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीच्या रूर प्रदेशात कोळशाच्या खाणी व पोलादाचे कारखाने झपाट्याने वाढले. खाणींमुळे जमीन खचत असल्याने तेथे भूमिगत गटारे टिकत नसत. परिणामी, मंद उताराची एम्शर नदी हेच त्या प्रदेशाचे उघडे गटार बनले. १८९९ मध्ये नगरपालिका, खाणमालक व कारखानदार यांना एकत्र आणणारी एम्शरगेनोसेनशाफ्ट ही संस्था स्थापन झाली. अभियंता कार्ल इम्हॉफ (१८७६–१९६५) यांचे महत्त्वाचे कार्य याच संस्थेत घडले.

तत्पूर्वीच्या टाक्यांत गाळ बसणे व कुजणे या दोन्ही क्रिया एकाच कप्प्यात होत. कुजण्यातून निघणारे वायू बसलेला गाळ पुन्हा वर उचलीत. इम्हॉफ यांनी टाकी दुमजली केली. वरच्या कप्प्यातून पाणी संथ वाहते. गाळ उतरत्या तळाच्या फटीतून खाली घसरतो व तेथे कुजतो. वायू बाजूच्या मार्गाने निघून जातात.

अशा टाकीचे काम तपासण्यास शंकू अत्यंत सोयीचा होता. नमुना ढवळून शंकूत भरावयाचा, पाऊण तास स्थिर ठेवावयाचा, कडांना चिकटलेले कण हलकेच सोडवावयाचे व आणखी पंधरा मिनिटांनी साक्याची उंची वाचावयाची. सपाट तळाच्या भांड्यात जो थर डोळ्यांना जेमतेम जाणवेल, तो निमुळत्या टोकात मोजता येतो. तराजू नको, भट्टी नको. टाकीवरील कामगारालाही आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या पाण्याची तुलना करता येई. (शेवटच्या पंधरा मिनिटांचा कंटाळा मात्र विद्यार्थी हमखास करतात, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे.)

परंतु येथेच एक प्रश्न उद्भवतो. टाकी जेवढे काढू शकते, जवळजवळ तेवढेच शंकू मोजतो. विरघळलेले सेंद्रिय पदार्थ व कलिल कण दोहोंतूनही निसटतात. शंकूतील वाचन शून्याजवळ असूनही पाणी नदीतील प्राणवायू शोषून घेऊ शकते. ब्रिटनमधील मलजल आयोगाने १९१२ मध्ये निलंबित घनपदार्थांसाठी लिटरला ३० मिलिग्रॅम व जैवरासायनिक प्राणवायू मागणीसाठी २० मिलिग्रॅम ही मर्यादा सुचविली, ती या दृष्टीने अधिक व्यापक म्हणावी लागेल. शंकूचे यश व त्याची मर्यादा ही एकाच साधेपणातून आली आहेत, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

एम्शर पुढे अनेक दशके सांडपाण्याचीच वाहिनी राहिली. खाणकाम उत्तरेकडे सरकल्यावर भूमिगत वाहिन्या शक्य झाल्या. १९९२ मध्ये नदीच्या पुनर्रचनेस आरंभ झाला आणि २०२१ च्या अखेरीस तिचे पात्र सांडपाण्यापासून मुक्त झाले.